पुतळी आणि टिकली

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला शहाबादी फरशी आहे. दर दिवाळीला फरशीचे सांधे खरवडून धुतले की त्यांतून कपड्यावर शिवायची एखादी तरी टिकली निघतेच. आईनं टिकल्यांचं काम बंद करून तीस वर्षं होऊन गेली, तरी निघते. कधी हिरवी, कधी तांबडी, कधी रंग पार उडून गेलेली. यंदा निघाली ती सोनेरी, कपाची, म्हणजे जराशी खोलगट, सहा पैलूंची. धुऊन बोटाच्या पेरावर ठेवली आणि खिडकीकडं केली, तर वरच्या तुळईवर उजेडाचा एवढासा ठिपका नाचायला लागला.

लेक शेजारीच बसली होती. तिचं लग्न ठरलंय आणि ब्लाऊज आरी वर्कला टाकलाय. ती म्हणाली, "अगं, हे तर सिक्विन! माझ्या ब्लाऊजवर दोन हजार लावणारायत असली."

आई पलंगावरून म्हणाली, "सिक्विन बिक्विन काय न्हाई. टिकली हाय ती."

त्या रात्री मी 'सिक्विन' या शब्दाचं मूळ शोधायला बसले. शोधत शोधत पार व्हेनिसला गेले आणि परत येऊन थांबले ती आमच्याच देव्हाऱ्यापाशी. पण ते मागाहून सांगते. आधी आईचं काम सांगितलं पाहिजे, कारण टिकली मला कळली ती तिच्या हातात.

महाद्वार रोडवरचा एक कपडेवाला आईला घरी काम द्यायचा. लावणीच्या नऊवारी, मेळ्यातल्या पोरींचे परकर, शाळांच्या गॅदरिंगचे झगे, आणि वर्षातनं दोन-चार वेळा सिनेमाच्या शूटिंगचं काम. तमाशाच्या सिनेमांचे ते दिवस होते, जयप्रभा स्टुडिओत सारखं काही ना काही चाललेलं असायचं. साडीबरोबर टिकल्यांच्या पुड्या मोजून-वजन करून यायच्या. आई एका पितळी वाटीत टिकल्या ओतायची, सुईचं टोक जिभेला लावायची आणि वाटीत टेकवायची. ओल्या टोकाला नेमकी एक टिकली चिकटून वर येई. मग सुई खालून वर, टिकलीच्या भोकातून. तिच्यावर राईएवढा एक मणी. आणि सुई परत त्याच भोकातून खाली. मणी भोकाएवढा नको, जरा मोठाच हवा, म्हणजे तो टिकलीला दाबून धरतो आणि दोरा दिसत नाही. खाली सुई गेली की बोटानं दोरा ओढताना एक 'टिक्' असा बारीक आवाज व्हायचा. मी लहान असताना मला वाटायचं, या आवाजावरूनच तिला टिकली म्हणत असतील.

एका पदराला तीन-चार रात्री लागायच्या. कमी पडलेल्या टिकल्या कपडेवाला मजुरीतून कापून घ्यायचा, म्हणून सांडलेली टिकली शोधायला आम्ही भावंडं कंदील घेऊन फरशीवर गाल टेकवून बघायचो. उभं राहून बघितलं तर टिकली दिसत नाही. डोळा जमिनीलगत नेला की ती लांबूनच चमकते. तरी काही हुकायच्याच. सांध्यांतून अजून निघतात त्या याच.

यातली एक साडी सिनेमात गेली. आईनं हिरव्या नऊवारीच्या पदरावर तांबड्या-सोनेरी टिकल्यांच्या कोयऱ्या भरल्या होत्या. सिनेमा लागला तेव्हा बाबा आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले. लावणी सुरू झाली. सगळं थिएटर नाचणारीच्या चेहऱ्याकडं आणि पायांकडं बघत होतं, आई मात्र पदराकडं. सिनेमा काळा-पांढरा. हिरवं, तांबडं, सोनेरी काहीच नव्हतं. पण गिरकी घेतली की पदरावरची प्रत्येक टिकली पेटायची आणि विझायची. आईनं माझा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "ती खालनं दुसरी कोयरी बघ. ती रात्री दोनला भरलीया."

टिकली आणि सिनेमाची फिल्म किती जवळच्या नात्यातल्या आहेत, हे मला अलीकडं कळलं. काळ्या-पांढऱ्या फिल्मला खाली अ‍ॅसिटेटची पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या जिलेटिनमध्ये चांदीचे बारीक कण. आणि टिकलीनं गेल्या काही शतकांत कशाकशाची रूपं घेतली, तर आधी सोनं-चांदी, मग जिलेटिन, मग अ‍ॅसिटेट. म्हणजे त्या दिवशी थिएटरात आईची टिकली पडद्यावर चमकत होती, ती चांदीतून आणि जिलेटिनमधूनच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमा काढला, ज्या गावात 1929 साली प्रभात सुरू झाली, त्या गावात बसून टिकल्या ओवणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकायचा तर आपल्या देशात धंदाच होता. कितीतरी सिनेमे त्यात गेले. बघण्यासारखं होतं ते वितळवलं आणि हातात आली मोडीची चांदी. आमच्या घरातही पुढं असंच काही होणार होतं.

जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला पदार्थ, जेलीत असतो तोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे पातळ पापुद्रे करून, रंगवून, त्यांच्या टिकल्या पाडायला लागले. धातूच्या टिकल्यांनी झगा इतका जड व्हायचा की खांदे भरून यायचे; त्यापुढं या टिकल्या फुलासारख्या हलक्या. पण जेलीचा गुण जाणार कुठं! पावसात भिजल्या की विरघळायच्या, दिव्याच्या उष्णतेनं मऊ पडायच्या. नाचताना जोडीदाराचा गरम हात पाठीवर राहिला तरी तेवढ्या टिकल्या बसायच्या म्हणे. मग 1930 च्या दशकात अमेरिकेत सिनेमाच्या फिल्मचं अ‍ॅसिटेट टिकल्यांसाठी वापरून बघितलं गेलं. कापसाच्या नाहीतर लाकडाच्या लगद्यापासून केलेलं ते. चमक सुरेख, पण ठिसूळ. काचेच्या बांगडीसारखी तडकायची. 1952 साली ड्यूपाँट कंपनीनं 'मायलर' नावानं पॉलिस्टरची फिल्म आणली, आणि तिथून पुढं टिकली पाण्याला भ्यायची थांबली.

उष्णतेला मात्र ती अजून भिते. चौथीच्या गॅदरिंगला मला आईनं स्वतः शिवलेला परकर-पोलका होता, पोलक्याच्या गळ्याला निळ्या टिकल्यांची दुहेरी ओळ. कार्यक्रमाच्या दिवशी आई बाजारात गेलेली असताना मी कोळशाची इस्त्री तापवली आणि पोलक्यावरून फिरवली. चर्र झालं नाही, काही आवाज आला नाही. फक्त एक तिखट, घशात बसणारा वास आला. इस्त्री उचलली तर गळ्याची एक बाजू सुकलेल्या कढीलिंबाच्या पानांसारखी आत वळली होती. निळा रंग तसाच, चमक गेलेली. आई दारातूनच ओरडली, "काय करालीस गं ते?" आणि मग पोलका हातात घेऊन गप्प बसली. मला मारलं नाही. कात्रीनं एक-एक जळकी टिकली काढली, दुसऱ्या पुडीतल्या टिकल्या घेतल्या आणि संध्याकाळी पाचपर्यंत तेवढी बाजू भरून दिली. त्या टिकल्या कपडेवाल्याच्या होत्या. महिनाअखेरीला त्यानं पैसे कापले. तिनं मला ते पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आजची टिकली कशी होते, तेही बघण्यासारखं आहे. पॉलिस्टरचा नाहीतर पीव्हीसीचा गुंडाळा निर्वात पेटीत घालतात, तिथं अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ प्लॅस्टिकवर बसते. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ असतो. म्हणजे टिकलीतला धातू जवळजवळ नसल्यासारखाच, पण सगळं चमकणं त्या नसल्यासारख्या थराचं. मग यंत्र पट्टीतून टिकल्या पाडतं. सपाट टिकली सगळा उजेड एकाच दिशेला फेकते, म्हणून ती एकदम लखकन चमकते आणि एकदम विझते. कपाच्या टिकलीला पैलू असतात. अंग हललं की एकेक पैलू पाळीपाळीनं उजेड पकडतो. आई म्हणायची, लावणीला कपाचीच टिकली पाहिजे, सपाट टिकली बसून गाणाऱ्या बाईला.

टिकल्या पाडून उरलेली भोकाभोकांची पट्टी लहानपणी आम्हाला टिकल्यांपेक्षा प्यारी होती. गणपतीच्या मखराला ती जाळी लावायचो, मागं दिवा ठेवला की भिंतभर ठिपके. तेव्हा ती फुकटची मजा वाटायची. आता हिशेब मांडून बघितला: चौकटीत एकाला एक लागून गोल पाडले तर पट्टीचा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग, सुमारे 21.5 टक्के, वाया जातो. गोलाकाराचा हा गुणच आहे. आणि टिकलीही पुढं कुठं जाते? कुजत नाही, गंजत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची टिकली आमच्या फरशीतून नवीकोरी निघते, तेव्हा मला आनंद होतो हे खरं. पण ब्लाऊज जुना झाला की त्याच्या दोन हजार टिकल्या नाल्यातून पंचगंगेत जाणार आणि तिथंही अशाच नव्याकोऱ्या राहणार, या विचारानं पोटात कालवतं.

पूर्वी आपल्याकडं टिकलीचं काम किड्यांच्या पंखांवरही भागवायचे. सोनकिड्यासारख्या एका चकचकीत हिरव्या भुंग्याचं वरचं कठीण पंखकवच सुईनं भोक पाडून मलमलीवर टाकायचे. इंग्रज मडमांना त्याचं भारी वेड. 1888 साली लंडनमध्ये एलेन टेरी या नटीनं लेडी मॅकबेथचं काम करताना घातलेल्या झग्यावर अशी सुमारे 1,000 कवचं होती, आणि सार्जंट या चित्रकारानं त्याच झग्यात तिचं चित्र काढलं. तो झगा अजून जपलेला आहे आणि त्याचा हिरवा अजून हिरवा आहे. कारण त्या पंखात रंग नसतोच. कवचाच्या पापुद्र्यांची ठेवणच अशी की उजेड त्यांवर पडून हिरवा होऊनच परततो. एलिसा ब्रुनाटो नावाच्या एका बाईनं आता हीच युक्ती लाकडातल्या सेल्युलोजवर साधलीय. टिकली चमकते, तिच्यात धातू नाही, प्लॅस्टिक नाही, आणि शेवटी ती मातीत जाते. तसल्या टिकल्यांची पुडी कधी महाद्वार रोडवर मिळाली तर पहिली मी घेईन.

आता त्या शब्दाकडं येते.

अरबीत नाणं पाडायच्या ठशाला म्हणतात 'सिक्का'. तोच शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला. शिक्का, शिक्कामोर्तब हे सगळं त्याचं. तिकडं समुद्रापलीकडं व्हेनिसच्या लोकांनी आपल्या टांकसाळीला 'झेक्का' नाव दिलं आणि तिथं पडणाऱ्या सोन्याच्या नाण्याला पुढं 'झेक्किनो' म्हणायला लागले. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं 'सिक्विन' झालं. हे नाणं 1284 साली पहिल्यांदा पडलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. आणि 1797 साली व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत त्याचं वजन, कस आणि ठसा बहुतेक तसाच राहिला. पाचशे वर्षं! इतकं भरवशाचं नाणं म्हटल्यावर ते जगभर फिरलं. बायकांनी त्याला भोकं पाडली, कडी लावली, डोक्याच्या रुमालाला, चोळीला, गळ्यात घातलं. नाणं गेलं, आणि त्याचं नाव कपड्यावर शिवायच्या चमकत्या चकतीला राहिलं.

चकती मात्र नावाच्या कितीतरी आधीची. हॉवर्ड कार्टरनं इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर उघडली, तर तीन हजार वर्षांहून जुन्या कपड्यांवर सोन्याच्या चकत्या शिवलेल्या मिळाल्या. ते साल 1922. आमच्या कोल्हापूरकरांना हे साल शाहू महाराज गेले म्हणून पाठ असतं. मे महिन्यात इथं राजा गेला आणि नोव्हेंबरात तिथं एक राजा सापडला.

आणि झेक्किनो आपल्याकडं कोणत्या नावानं ओळखलं गेलं? पुतळी! नाण्याच्या एका अंगाला व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कपुढं गुडघे टेकून निशाण घेतोय, दुसऱ्या अंगाला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू उभा. आपल्या लोकांना त्यात माणसांच्या पुतळ्या दिसल्या, म्हणून पुतळी. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी जहाजं भरून आली. सभासदानं बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी दिलीय, तीत होनांबरोबर पुतळ्याही आहेत. मग सोनारांनी तशाच पुतळ्या इथं पाडल्या आणि त्यांच्या माळा झाल्या. अंबाबाईच्या अलंकारांतही पुतळ्यांची माळ आहे.

तशी एक माळ माझ्या आज्जीची होती. चाळीस पुतळ्यांची, पटवेकऱ्याकडून तांबड्या रेशमात ओवून घेतलेली. मी ती पूर्ण कधीच बघितली नाही. आज्जी ती बोटांवर मोजून सांगायची: तीन आजोबांच्या दुखण्याला, सहा आत्याच्या लग्नाला, चार घराच्या कौलांना, दोन बाबांच्या सायकलच्या दुकानाला, एक माझ्या डीएडच्या फीला, आणि अशाच आणखी कितीतरी. दर वेळी ती स्वतः सराफांच्या गुजरीत जायची. माळेत पडलेल्या जागी सोन्याचं पाणी दिलेली पितळी पुतळी ओवून घ्यायची, म्हणजे हळदीकुंकवाला माळ चाळीसचीच दिसायची. शेवटी खरी एकच उरली. ती तिनं देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवली.

हे कळल्यापासून मला आज्जीची माळ आणि आईची वाटी वेगळ्या करता येत नाहीत. पुतळ्या एकेक करून गुजरीत जात होत्या, त्याच वर्षांत आई एकेक टिकली ओवून घरात पैसा आणत होती. टिकल्यांना भपका म्हणणारी, नकली म्हणणारी माणसं मला भेटतात. मला ते पटत नाही. बाई उजेडात आली की चारचौघींनी तिच्याकडं बघावं, एवढंच काम पुतळीनं केलं आणि तेवढंच टिकली करते. पुतळी चाळीस घरांत एकीला मिळायची. टिकली सगळ्यांना परवडते.

मागच्या महिन्यात हुपरीला गेले होते, लेकीच्या पैंजणांसाठी. एका घरात कारागीर कड्या करत होते. चांदीची तार लोखंडी गजावर गुंडाळायची, गज काढून घ्यायचा, राहिलेलं वेटोळं एका बाजूनं कापत न्यायचं, की सुट्ट्या कड्यांचा ढीग. यंत्रं यायच्या आधी धातूची टिकली पुष्कळदा अशीच व्हायची, हे मी वाचलं होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मार्गारेट लेटन नावाच्या बाईची 1610 च्या दशकातली एक चोळी आहे, तिच्यावर चांदीला सोन्याचं पाणी दिलेल्या टिकल्या आहेत. आपल्याकडं जरदोजीच्या टिकल्याही तारेच्याच. मी कारागिरांना म्हटलं, "दादा, एक कडी ऐरणीवर ठेवून हातोडा मारून दाखवता का?" त्यांनी नवलानं बघितलं आणि मारला. एकच घाव. कडी पसरली, मधलं भोक बारीक झालं, आणि कापलेल्या जागी केसाएवढी चीर राहिली. ती चीर हीच जुन्या टिकलीची खूण. मी ती तळहातावर घेतली. पैसे विचारले तर म्हणाले, "कशाचे पैसे? असू दे, न्या."

ती टिकली आईला दाखवली. तिनं चष्मा लावून बघितली, चिरेवरनं नख फिरवलं आणि म्हणाली, "दोरा अडकंल हिच्यात. पण झाक हाय." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "देव्हाऱ्यातली पुतळी आण."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गुजरीत गेलो. पुतळीची कडी केव्हाच तुटली होती. सोनारकाकांनी भिंगाखाली धरली, आम्हालाही दाखवली. दोन आकृत्या, मध्ये काठी, चेहरे झिजून सपाट. कडेची अक्षरं मात्र कुठल्याच लिपीतली नव्हती. उभ्या-आडव्या रेघा नुसत्या. परक्या नाण्यावरची न कळणारी अक्षरं बघून कुणीतरी इथल्या कारागिरानं कोरलेली. कसोटीवर घासून बघून ते म्हणाले, "सोनं एक नंबर. मोडायची काय?"

"न्हाई," आई म्हणाली. "नातीच्या ब्लाऊजवर शिवायची हाय. पाठीवर, मधोमध."

"मग कडी बसवून देतो."

"कडीनं हलती ती. सपाट बसाय पायजे. भोक पाडा."

सोनारकाकांनी पुतळी खाली ठेवली. "काकू, भोक पाडलं की नाणं बाद. उद्या विकायला काढली तर भाव कमी येईल."

"इकायची कुणाला हाय?"

त्यांनी पुतळी लाकडी ठोकळ्यावर पक्की केली आणि हातातला बारीक सामता फिरवायला सुरुवात केली. आई पुढं वाकून बघत होती. दोन आकृत्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत, काठाजवळ, सुई जाईल एवढं भोक पडलं. त्यातून निघालेला सोन्याचा कीस सोनारकाकांनी पिसानं झाडून कागदावर घेतला, त्याची पुडी बांधली आणि ती आईच्या हातात दिली.